मल्टीचेन वॉलेट : सुरक्षित वापर

मल्टीचेन वॉलेट : एकाहून अधिक ब्लॉकचेनवरील (व्यवहारांच्या सामाईक नोंदींच्या साखळ्यांवरील) आभासी चलनांच्या खासगी किल्ल्या (व्यवहार मंजूर करणारे गुप्त आकडे) एकत्र सांभाळणारे व त्यांच्या आधारे व्यवहारांवर सही करणारे सॉफ्टवेअर किंवा उपकरण. मराठीत त्याला ‘डिजिटल पाकीट’ वा ‘बटवा’ म्हणतात. शब्द सोयीचे आहेत, पण दिशाभूल करतात. पाकिटात पैसे असतात. वॉलेटमध्ये नाणे कधीच नसते. नाण्याची नोंद त्या त्या साखळीच्या सार्वजनिक खातेवहीत राहते आणि वॉलेटमध्ये असतो तो केवळ किल्ल्यांचा जुडगा. बँकेच्या लॉकरची किल्ली हरवली तर रीतसर अर्ज करून लॉकर फोडून मिळतो. येथे फोडून देणारे कोणी नाही. एक्स्चेंजवरील (नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडील) खाते या व्याख्येत बसत नाही, कारण तेथील किल्ल्या कंपनीकडे असतात.

उगम : बिटकॉइनच्या साखळीतील पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९ चा. सुरुवातीचे सॉफ्टवेअर प्रत्येक किल्ली स्वतंत्रपणे, यादृच्छिक रीतीने तयार करून एका फाइलमध्ये साठवत असे. त्यामुळे जुनी प्रत जपून ठेवली तरी पुढे तयार झालेल्या किल्ल्या तीत नसत. एकाच बीजापासून (मूळ गुप्त आकड्यापासून) सर्व किल्ल्या काढण्याची कल्पना साधारणपणे २०११ मध्ये पुढे आली. तिचे श्रेय ग्रेगरी मॅक्सवेल यांच्या मांडणीला द्यावे की त्याच सुमारास आलेल्या इलेक्ट्रम, आर्मरी यांसारख्या प्रत्यक्ष वॉलेटांना, याबद्दल एकवाक्यता नाही. प्रमाणीकरणाचे श्रेय मात्र निर्विवाद आहे : पीटर व्यूले यांचा ‘बिप-३२’ (बिप म्हणजे बिटकॉइन सुधारणेचा प्रस्ताव) २०१२ चा, बीज शब्दांत लिहिण्याचा ‘बिप-३९’ २०१३ चा आणि प्रत्येक चलनाला वेगळी फांदी (किल्ल्यांची स्वतंत्र मालिका) देणारा ‘बिप-४४’ २०१४ चा. बहुसाखळी वॉलेट खऱ्या अर्थाने शक्य झाले ते या तिसऱ्या प्रस्तावामुळे. पहिले असे वॉलेट कोणते, हे व्याख्येवर ठरते. २०१४ ते २०१६ हा काळ सर्वसाधारणपणे ग्राह्य मानता येईल. इथेरियमची साखळी ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाली. तिच्या घडणीवर बेतलेल्या साखळ्या पुढे वाढत गेल्या, तशी एकाच जुडग्याची गरजही वाढली.

बीजशब्द : वॉलेट प्रथम सुरू करताना १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दाखवले जातात. ते २,०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून येतात. प्रत्येक शब्द ११ बिट (० किंवा १ असे अंक) धरतो. १२ शब्दांचे १३२ बिट होतात. त्यांपैकी १२८ यादृच्छिक व ४ तपासणीचे असतात. यादी अशी निवडली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता यावा. मात्र ही सोय रोमन लिपीपुरतीच आहे. जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच, झेक अशा याद्या ‘बिप-३९’ मध्ये आहेत, पण मराठीची किंवा देवनागरी लिपीतील एकही नाही; शिवाय बहुतेक वॉलेटे फक्त इंग्रजी यादी ओळखत असल्याने इतर याद्या वापरू नयेत, असे प्रस्तावातच म्हटले आहे.

येथे मराठी वापरकर्त्यापुढे एक खास अडचण उभी राहते, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख असण्याचे कारण नाही. घाईत, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचता यावे म्हणून, शब्द देवनागरीत लिहून ठेवले जातात. यादीत ‘चव’ या अर्थाचा टेस्ट आहे आणि ‘परीक्षा’ या अर्थाचाही टेस्ट आहे. ‘वाट पाहणे’ आणि ‘ओला’ हे दोन्ही वेट; ‘वाया घालवणे’ आणि ‘पश्चिम’ दोन्ही वेस्ट; ‘शीड’ आणि ‘विकणे’ दोन्ही सेल; ‘शेपूट’ आणि ‘सांगणे’ दोन्ही टेल. असा एखादाच शब्द असेल तर दोन्ही पर्याय तपासून मार्ग निघतो. तीन असले तर आठ पर्याय होतात, तेही हाताळता येतात. क्रम मात्र हरवला की १२ वेगवेगळ्या शब्दांच्या ४७,९०,०१,६०० मांडण्या होतात. म्हणून शब्द रोमन लिपीत, क्रमांक घालून, सुवाच्य लिहावेत. फोटो, स्क्रीनशॉट, ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवलेला संदेश यांपैकी काहीही चालत नाही. फोनची गॅलरी क्लाउडवर आपोआप चढते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

जपणूक : कोल्हापुरात कागदाचा शत्रू पाणी आहे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट व धोक्याची ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले आणि व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्क या भागांत घराघरांत शिरले. जेल पेनाने लिहिलेला कागद अशा पाण्यात टिकत नाही. स्टेनलेस स्टीलची पट्टी टिकते. तिचा वितळबिंदू सुमारे १,४०० अंश सेल्सिअस असल्याने घरगुती आगीतही ती सहसा वाचते. शहरातील उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात अशी पट्टी कापून मिळणे अवघड नाही. अक्षरे मात्र तेथील कारागिराकडून कोरून घेऊ नयेत, कारण ज्याने कोरली त्याने वाचली. लेटर पंचचा संच आणून घरीच हातोडीने ठोकावीत. प्रत्येक शब्दाची चार अक्षरे पुरतात.

बारा शब्दांचे सहा-सहा असे दोन वाटे करून एक गावाकडे ठेवण्याची युक्ती काही जण सुचवतात. ती सदोष आहे. एक वाटा हरवला की सगळेच गेले, आणि एक वाटा चोराला सापडला तर उरलेले शब्द शोधण्याचे काम १२८ बिटांवरून सुमारे ६२ बिटांवर येते. वाटे करायचेच असतील तर त्यासाठी बांधलेली ‘स्लिप-३९’ ही पद्धत आहे. तीत ठरवलेल्या संख्येइतके वाटे जुळले तरच बीज परत मिळते. स्वतःचा परवलीचा शब्द जोडून बीज बदलण्याची सोयही ‘बिप-३९’ मध्ये आहे, परंतु तो शब्द विसरणाऱ्यांची गोष्ट चोरी झालेल्यांहून वेगळी संपत नाही. मोठी रक्कम व रोजची रक्कम यांसाठी दोन वेगळी बीजे वापरावीत की एकाच बीजाची वेगळी खाती पुरतात, याविषयी दोन मते आहेत. पहिले अधिक ग्राह्य वाटते, कारण बीज दुसऱ्याच्या हाती लागले की त्याच्या सर्व फांद्या एकदम जातात.

फांद्यांचा घोळ : तेच बीज दुसऱ्या वॉलेटमध्ये घातले आणि शिल्लक शून्य दिसली, तर बहुधा फांदी वेगळी आहे. ‘बिप-४४’ मध्ये बिटकॉइनचा क्रमांक ०, इथेरियमचा ६०, ट्रॉनचा १९५ व सोलानाचा ५०१. त्यापुढील आकडे निरनिराळी वॉलेटे निरनिराळ्या पद्धतीने वाढवतात. बिटकॉइनमध्येही जुन्या-नव्या पत्त्यांसाठी ४४, ४९, ८४ व ८६ अशा शाखा आहेत. पैसे गेलेले नसतात, वॉलेट चुकीच्या खोलीत पाहत असते. पण घाबरलेला माणूस याच क्षणी इंटरनेटवर ‘मदत केंद्र’ शोधतो आणि तेथे त्याला बारा शब्द विचारले जातात. खरे मदत केंद्र ते कधीही विचारत नाही.

नेटवर्क : इथेरियम, पॉलिगॉन आणि बीएनबी साखळीवर एकाच किल्लीचा पत्ता अक्षरशः एकच असतो. स्वतःच्या वॉलेटमध्ये चुकीच्या साखळीवरून आलेले नाणे ती साखळी निवडली की दिसते. एक्स्चेंजच्या पत्त्यावर तसे पाठवले तर ते जमा होईलच असे नाही. यूएसडीटी हे टोकन (आधीच्या साखळीवर चालणारे, डॉलरशी मूल्य बांधलेले नाणे) अनेक साखळ्यांवर असल्याने गोंधळ त्याच्यातच सर्वाधिक. शुल्क सहसा त्या साखळीच्या मूळ नाण्यातच द्यावे लागते. ट्रॉनवरील यूएसडीटी हलवायला ट्रॉनचेच नाणे जवळ हवे. पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नये : पहिली-शेवटची अक्षरे जुळणारा पत्ता मुद्दाम तयार करून, त्यावरून नगण्य रकमेचा व्यवहार यादीत पेरणे ही रूढ फसवणूक आहे. नव्या पत्त्यावर आधी थोडी रक्कम पाठवून पाहावी.

सही : किल्ली कोणाला न देताही नाणी जातात, ती सहीमुळे. टोकन वापरण्याची परवानगी देताना संकेतस्थळे बहुधा अमर्याद रकमेची मागतात, आणि रद्द करेपर्यंत ती कायम राहते. काही परवानग्या तर शुल्काशिवाय, नुसत्या संदेशावरील सहीने दिल्या जातात. पडद्यावर एक दिसते आणि सही दुसऱ्यावर होते, हा धोका केवळ नवख्यांना नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे १.५ अब्ज डॉलरचे इथर (इथेरियमचे नाणे) याच रीतीने गेले. हार्डवेअर वॉलेटचा (किल्ल्या सांभाळणाऱ्या वेगळ्या उपकरणाचा) उपयोग त्याच्या स्वतःच्या पडद्यावर तपशील वाचला तरच होतो. शब्द फुटल्याचा संशय असेल तर अॅपचा पिन बदलून काही साधत नाही, तो फक्त त्या फोनचा असतो; नवे बीज तयार करून नाणी तिकडे हलवावी लागतात.

कायदा : आभासी चलनांच्या व्यवहारांना बँकसेवा देण्यास मनाई करणारे रिझर्व्ह बँकेचे ६ एप्रिल २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरवले. २०२२ च्या वित्त अधिनियमाने नफ्यावर ३० टक्के कर व १ जुलै २०२२ पासून हस्तांतरावर १ टक्का करकपात (टीडीएस) आणली; एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. एका साखळीवरील नाणे देऊन दुसऱ्या साखळीवरचे वेगळे नाणे घेणे हेही हस्तांतरच, त्यामुळे वॉलेटमधील अदलाबदलीची नोंद स्वतः ठेवावी लागते. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर मदतवाहिनीच्या क्रमांकावर किंवा जिल्हा पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार करताना व्यवहाराचा हॅश (त्याची ओळखखूण), दोन्ही पत्ते आणि साखळीचे नाव द्यावे; नाव नसेल तर एकच पत्ता अनेक खातेवह्यांत शोधत बसावे लागते.