उद्याचं जंगल, जुन्या चिठ्ठ्या

हवामान बदलाच्या बातम्यांमध्ये अधूनमधून एक नकाशा दिसतो. २०५० किंवा २०७० साली एखादं झाड, एखादा पक्षी किंवा बेडूक कुठे उरलेला असेल, ते त्यात रंगवून दाखवलेलं असतं. नकाशा संगणकाने काढलेला, त्यामुळे सगळं प्रकरण अगदी अलीकडचं वाटतं. पण त्याच्या मुळाशी दोनच गोष्टी असतात : ही प्रजाती इथे सापडली अशी कुणीतरी कधीतरी केलेली नोंद, आणि त्या जागेचं हवामान. हवामानाची बाजू गेल्या चाळीस वर्षांत पुष्कळ सुधारली. नोंदीची बाजू मात्र शंभर-दोनशे वर्षांपूर्वी रानात हिंडलेल्या माणसांनी किती नेमकं लिहून ठेवलं, यावर आजही अडून आहे. असे नकाशे काढण्याच्या शास्त्राचा इतिहास बहुधा गणिताचा म्हणून सांगितला जातो. मला तो आधी नोंदवह्यांचा वाटतो.

सुरुवात जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्टपासून करायची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. १८०२ मध्ये तो आणि वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बोनप्लाँ आजच्या इक्वाडोरमधले ज्वालामुखी चढले. हवेचा दाब आणि तापमान मोजत, वाटेतल्या वनस्पती गोळा करत गेले. त्यातून १८०७ मध्ये चिम्बोराझो पर्वताचं प्रसिद्ध चित्र छापलं गेलं : डोंगराचा उभा छेद आणि ज्या उंचीवर जी वनस्पती, तिथे तिचं नाव. २०१२ साली काही संशोधक पुन्हा चिम्बोराझोवर गेले. वनस्पती दोन शतकांत सरासरी पाचशे मीटरहून जास्त वर सरकल्या आहेत, असा निष्कर्ष त्यांनी २०१५ मध्ये मांडला. आकडा जगभर फिरला. मग २०१९ मध्ये दुसऱ्या एका गटाने हम्बोल्टची मूळ कागदपत्रं आणि नमुने तपासले, तेव्हा भलतंच निघालं. चित्रातल्या अधिक उंचीवरच्या बहुतेक वनस्पती चिम्बोराझोवर गोळा केलेल्याच नव्हत्या; त्या आंटिसाना नावाच्या दुसऱ्या ज्वालामुखीवरच्या होत्या. हम्बोल्टने अनेक डोंगरांवरची माहिती एकाच डोंगराच्या चित्रात बसवली होती. आंटिसानाची तुलना आंटिसानाशीच केल्यावर हे सरकणं २१५ ते २६६ मीटर भरलं. वनस्पती वर चढल्या हे कायम राहिलं, पण किती चढल्या तो आकडा निम्म्यावर आला.

हम्बोल्टनंतर शंभर वर्षांनी जोसेफ ग्रिनेल या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने हीच गोष्ट वेगळ्या शिस्तीने केली. १९०८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे पृष्ठवंशी प्राण्यांचं संग्रहालय निघालं आणि ग्रिनेल त्याचा पहिला संचालक झाला. १९३९ मध्ये मरेपर्यंत तो त्या पदावर होता. कॅलिफोर्निया झपाट्याने बदलतं आहे, हे त्याला दिसत होतं. त्यामुळे आज काय आहे ते आजच लिहून ठेवायचं, हा त्याचा ध्यास. सहकाऱ्यांसाठी त्याने वही लिहिण्याचे कडक नियम घालून दिले : तारीख, जागा, उंची, भोवतालची झाडी, किती सापळे किती रात्री लावले, काय मिळालं. सापळ्यांची संख्या लिहिणं त्या काळी कारकुनी वाटली असेल, पण पुढे तीच कामी आली. एखादा उंदीर सापडला नाही तो तिथे नव्हता म्हणून, की सापळेच कमी लावले होते म्हणून, हे शंभर वर्षांनंतरही हिशेबाने ठरवता येतं. या साहित्याचं खरं मोल कळायला कदाचित शतक लागेल, असं त्याने १९१० मध्येच लिहिलं होतं.

आणि लागलंही तेवढंच. त्याच्या माणसांनी १९१४ ते १९२० दरम्यान योसेमिटी परिसरात ज्या जागा तपासल्या होत्या, तिथे एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच संग्रहालयातले संशोधक परत गेले. २००८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तपासता आलेल्या २८ लहान सस्तन प्राण्यांपैकी निम्म्यांच्या हद्दी लक्षणीय वर गेल्या होत्या, सरासरी पाचशे मीटरच्या आसपास. मधल्या काळात त्या भागातलं किमान तापमान सुमारे तीन अंशांनी वाढलं होतं. पक्ष्यांचं चित्र अधिक गुंतागुंतीचं निघालं. ५३ पैकी ४८ जाती आपापलं हवामान धरून सरकल्या होत्या, पण कुणी तापमानामागे गेलं, कुणी पावसामागे. उष्णता वर ढकलत होती, तर काही ठिकाणी वाढलेला पाऊस खाली ओढत होता. तापमानवाढ म्हणजे सगळे जीव रांगेने डोंगर चढणार, ही सरधोपट समजूत तिथेच मोडते.

ग्रिनेलनेच १९१७ मध्ये कॅलिफोर्निया थ्रॅशर या लांब, बाकदार चोचीच्या पक्ष्यावर लेख लिहून ‘निश’ ही कल्पना मांडली : हा पक्षी याच झुडपाळ पट्ट्यात का, पलीकडे का नाही? ऊन, ओलावा, आडोसा, अन्न, असं एकेक कारण त्याने तपासलं. १९५७ मध्ये जॉर्ज एव्हलिन हचिन्सनने तिला गणिती रूप दिलं. तापमान हा एक अक्ष, ओलावा दुसरा, असे हवे तेवढे अक्ष घ्यायचे; त्या अवकाशात जिथे प्रजाती तग धरू शकते तो तिचा निश. प्रजाती तत्त्वतः जिथे जगू शकेल ते वेगळं, आणि स्पर्धक व शत्रू जिथे जगू देतात ते वेगळं, हा भेदही त्याचाच. पुढच्या साऱ्या वादांचं मूळ इथे आहे. नोंदी मिळतात त्या दुसऱ्या प्रकारच्या. आणि उद्याचा अंदाज बांधताना त्या पहिल्या प्रकारच्या असल्यासारख्या वापरल्या जातात.

संगणकावरचं पहिलं कामचलाऊ साधन ऑस्ट्रेलियात तयार झालं. हेन्री निक्स आणि सहकाऱ्यांनी १९८४च्या सुमारास बनवलेलं ‘बायोक्लिम’ अगदी साधं होतं : प्रजाती जिथे जिथे सापडली तिथलं तापमान आणि पाऊस यांचे आकडे घ्यायचे, टोकाचे वगळायचे, आणि उरलेल्या मर्यादांत बसणाऱ्या बाकीच्या जागा नकाशावर रंगवायच्या. निक्सने ते ऑस्ट्रेलियातल्या विषारी सापांवर वापरलं. पण त्यासाठी प्रत्येक जागेचं हवामान माहीत हवं, आणि हवामान केंद्रं तर मोजकीच. ती उणीव मायकेल हचिन्सनने (हा वेगळा हचिन्सन) भरून काढली. केंद्रांमधल्या जागांचं हवामान उंचीचा विचार करून गणिताने भरण्याची त्याची पद्धत पुढे ‘वर्ल्डक्लिम’ या हवामानाच्या आकड्यांच्या संचात वापरली गेली. २००५ मध्ये आलेल्या या संचाने अंटार्क्टिका सोडून साऱ्या जगाच्या जमिनीवरचं हवामान साधारण एक किलोमीटरच्या चौकटींत फुकट उपलब्ध करून दिलं. त्यातले १९ हवामान घटक आज इतके सरावाचे झाले आहेत की, आपल्या प्रजातीला त्यांतला कुठला खरोखर लागतो, हे विचारायचंही राहून जातं.

दुसरी अडचण संग्रहालयांची. तिथला नमुना प्रजाती कुठे होती ते सांगतो, कुठे नव्हती ते कधीच सांगत नाही. ही अडचण ओलांडणारं ‘मॅक्सएंट’ हे सॉफ्टवेअर आलं ते जीवशास्त्राच्या बाहेरून. स्टीव्हन फिलिप्स एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होता, रॉबर्ट शापायर प्रिन्स्टनमध्ये यंत्रशिक्षणावर (मशीन लर्निंगवर) काम करत होता. त्यांच्या २००६ मधल्या लेखात कस लागला तो दक्षिण अमेरिकेतल्या एका स्लॉथवर (झाडावर राहणारा संथ प्राणी) आणि एका उंदरावर. त्याच वर्षी २२६ प्रजातींवर सोळा पद्धती ताडून पाहणारा मोठा अभ्यास आला आणि मॅक्सएंट वरच्या फळीत ठरलं. कोपनहेगनहून चालणाऱ्या जीबीआयएफ या प्रजातींच्या नोंदींच्या जागतिक भांडारात तोवर नोंदी साठू लागल्या होत्या. नोंदी फुकट, हवामान फुकट, सॉफ्टवेअर फुकट. मग लेखांचा पूर आला, आणि त्यातले बरेचसे घाईचे होते असं म्हणायला हरकत नाही.

लोकांपर्यंत हा विषय पोचला तो मात्र त्याआधी, जानेवारी २००४ मध्ये. ख्रिस थॉमस आणि सहकाऱ्यांनी ११०३ प्रजातींची अशी संगणकी मॉडेलं मांडून म्हटलं की, २०५० पर्यंतच्या मध्यम तापमानवाढीत त्यांतल्या १५ ते ३७ टक्के नामशेष होण्याच्या वाटेला लागतील. २०५० पर्यंत नाहीशा होतील, असं त्यांनी म्हटलं नव्हतं. वर्तमानपत्रांत मात्र २०५० पर्यंत दहा लाख प्रजाती संपणार, असे मथळे झळकले.

शंका त्याच्याही आधीपासून होत्या. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या काही संशोधकांनी वेगवेगळ्या तापमानाचे पिंजरे नळ्यांनी जोडून त्यात फळमाश्या सोडल्या होत्या. सोबत दुसरी जात किंवा परजीवी गांधीलमाशी आली की माश्यांची हद्द बदलायची. एकट्या तापमानावरून बांधलेला अंदाज चुकायचा. २०१८ चा एक अभ्यास तर खट्याळच होता. हवामानाच्या नकाशांऐवजी संशोधकांनी मॉडेलाला चक्क जुनी गाजलेली चित्रं दिली आणि त्यांतल्या रंगांच्या आकड्यांवरून प्रजाती कुठे सापडतील ते विचारलं. नेहमीच्या कसोट्यांवर त्या मॉडेलांनाही बऱ्याचदा चांगले गुण पडले. नोंदी एकमेकींच्या जवळ गोळा झालेल्या असल्या की जवळजवळ कुठलाही नकाशा त्यांच्याशी जुळवता येतो. म्हणून खरी परीक्षा परत जाऊन पाहण्याचीच. आपल्याकडे तशी एक झाली आहे : ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकरने १८४९-५० मध्ये सिक्कीममध्ये केलेल्या नोंदींशी आजची स्थिती ताडली, तेव्हा १२४ प्रदेशनिष्ठ (फक्त त्याच भागात आढळणाऱ्या) वनस्पतींपैकी ८७ टक्के वर सरकलेल्या आढळल्या. निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

सह्याद्रीत हा खेळ आणखी अवघड. हिमालयात वर चढायला जागा आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच टोक कळसूबाई, १६४६ मीटर, त्यापुढे आकाश. सड्यांवरच्या, म्हणजे कातळी पठारांवरच्या, कित्येक वनस्पती तर उंचीपेक्षा कातळावरच्या बोटभर मातीला आणि तिथे साचणाऱ्या पाण्याला बांधलेल्या, आणि किलोमीटरच्या चौकटीत ती माती दिसतच नाही. पावसाचं म्हणाल तर महाबळेश्वरहून पाचगणी जेमतेम वीस किलोमीटरवर, पण पाऊस निम्म्याहून कमी. पावसातला एवढा फरक मोजकी केंद्रं सांधून काढलेल्या नकाशात नीट उतरणं कठीण.

नोंदी आपल्याकडेही आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये, म्हणजे ग्रिनेलच्याच काळात, सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण सुरू केलं आणि त्याचा पहिला संच खानदेशातला होता. मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे वाळवलेल्या नमुन्यांची कपाटं आहेत. पण थिओडोर कूकने १९०१ ते १९०८ दरम्यान मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर जो ग्रंथ काढला, त्यात वनस्पतींचे पत्ते ‘कोकण’, ‘दख्खन’ अशा मथळ्यांखाली येतात. पुढे कधी गावाचं नाव, कधी नुसतं गोळा करणाऱ्याचं. गावाचं नाव असलं तरी महाबळेश्वर म्हणजे बाजारपेठ, की आर्थर सीटचा कडा, की खालचं कोयनेचं खोरं, ते कळत नाही. अशा नोंदीला अक्षांश-रेखांश देता येतात, पण चूक दहा-पंधरा किलोमीटरची धरावी लागते. मग एक किलोमीटरच्या चौकटींवर काम करणारा अभ्यासक ती बहुतेक वेळा यादीतून काढून टाकतो.