'सीआयडी'तले मृत्यू : नकुलपासून प्रद्युम्नांपर्यंत

एप्रिल २०२५च्या पहिल्या आठवड्यात 'सीआयडी' मालिकेतले एसीपी प्रद्युम्न गेल्याची बातमी फिरू लागली, तेव्हा गोव्यातल्या अनेक घरांत पहिली चौकशी झाली ती अभिनेत्याची. शिवाजी साटम बरे आहेत ना? पेडण्याहून पणजीला, फोंड्याहून काणकोणला फोन गेले. खुलासा व्हायला वेळ लागला नाही. मग जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ राग आला. तो राग समजायचा तर या मालिकेने त्याआधी आपल्याला कधी आणि कशाने रडवले, ते पाहावे लागते.

मालिका २१ जानेवारी १९९८ला सुरू झाली. तिचे निर्माते आणि साटम यांची जोडी त्याआधीच जमली होती, तीही मराठीत, मुंबई दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य'मध्ये. त्यामुळे गोव्यातल्या मराठी घरांना हिंदीतले हे एसीपी परके वाटलेच नाहीत. बाकी मालिकेची घडण सगळ्यांना पाठ आहे: प्रेत, पुरावा, प्रयोगशाळा, दार, कबुली. इथे महत्त्वाचे एवढेच की या घडणीत मेलेल्या माणसाचा शोक करायला जागाच नव्हती. प्रेत म्हणजे कोड्याची सुरुवात. त्याच्या आईचा टाहो दोन मिनिटे ऐकू यायचा आणि पथक पुढच्या संशयिताकडे निघायचे. अधिकाऱ्यांची घरेही क्वचितच दिसत. कोण कुठे राहतो, रात्री कोणाबरोबर जेवतो, हे वर्षानुवर्षे कोणी सांगितले नाही. म्हणून घर एकदम समोर आले की घाव खोल जायचा.

पहिला असा घाव नकुलचा. प्रद्युम्नांचा मुलगा गुन्हेगारीकडे वळतो आणि त्याच्यावर गोळी झाडायची वेळ बापावरच येते. मालिकेच्या सुरुवातीच्या काळातला हा प्रसंग आजही लोक तपशिलाने सांगतात, आणि सांगताना गोळीपेक्षा बापाच्या चेहऱ्याबद्दलच जास्त बोलतात. माझ्या मते एवढे मोठे दुःख या मालिकेला पुन्हा साधले नाही. कारण उघड आहे. इथे खलनायकाने कोणाला हिरावून नेले नव्हते. ज्या कर्तव्यामुळे हा माणूस आपल्याला आवडत होता, त्याच कर्तव्याने त्याचे घर मोडले. त्यानंतर प्रद्युम्न एखाद्या आरोपीच्या बापासमोर उभे राहिले की काही न बोलताही त्या दृश्याला वजन यायचे. पटकथाकारांनी नकुलचे नाव ऊठसूट घेतले नाही, हेही त्यांचे शहाणपण.

गोव्यात हा प्रसंग एवढा रुजला, त्याला आणखी एक कारण आहे. देवळाच्या उत्सवात गावच्याच माणसांनी मराठी नाटक उभे करायचे, ही आपली जुनी रीत. काल्याच्या रात्री मंडपात बसून ऐतिहासिक आणि सामाजिक नाटके पाहिलेल्या पिढ्यांना धर्मसंकटात सापडलेला बाप चांगला ओळखीचा होता. न्यायासनावर बसलेल्याने स्वतःच्या रक्तालाही सोडायचे नाही, यावर टाळ्या पडलेल्या आणि पदर डोळ्यांना लागलेले आपण पाहिले आहेत. दूरचित्रवाणीवरचा पोलिस अधिकारी त्याच पेचात अडकला, तेव्हा तो कसा पाहायचा, हे या प्रेक्षकाला शिकवावे लागले नाही.

पुढच्या वर्षांत मालिकेने बरेच विक्रम केले. ७ नोव्हेंबर २००४ला दाखवलेला, एकही कट नसलेला १११ मिनिटांचा भाग त्यातला सर्वांत गाजलेला. पण प्रेक्षकाला बांधून ठेवले ते पथकातल्या अभिजीत आणि दया या अधिकाऱ्यांनी. अभिजीतची हरवलेली स्मृती हा मालिकेतला दुसरा मोठा करुण धागा. ज्याला स्वतःचाच भूतकाळ आठवत नाही, त्याच्यावर वेळोवेळी संशय घेतला जातो आणि अशा वेळी दया त्याच्या बाजूने उभा राहतो. या मैत्रीत कोणी मेले नाही, तरी ती तुटेल की काय या भीतीने लोक खुर्चीच्या टोकाला बसत.

२७ ऑक्टोबर २०१८ला मालिका थांबली, तेव्हा १५४७ भाग झाले होते. वीस वर्षांच्या पथकाला साजेसा निरोप मिळाला नाही. थांबण्याची बातमी आली, चाहत्यांनी समाजमाध्यमांवर मोहीम चालवली आणि विषय मिटला.

मग ५ डिसेंबर २०२३ला दिनेश फडणीस गेले. फ्रेडरिक्स, म्हणजे आपला फ्रेडी. पथकातला भाबडा, घाबरट, बायकोच्या धाकातला अधिकारी. फडणीसांनी मालिकेच्या काही भागांचे लेखनही केले होते. एका मराठी नटाने रंगवलेला हा ख्रिस्ती इन्स्पेक्टर गोव्यातल्या दोन्ही समाजांत सारखाच लाडका होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हिंदी पडद्यावर अशा नावाचा माणूस आला की तो बहुधा दारुडा किंवा तस्कर असायचा. फ्रेडी भित्रा असेल, पण प्रामाणिक होता आणि पथकातलाच एक होता. त्याच्या जाण्याने जुने विनोदी भाग पाहणेही जड झाले. मालिकेतल्या कुठल्याच लिहिलेल्या मृत्यूने हे केले नव्हते.

२१ डिसेंबर २०२४ला मालिका परतली ती थेट दुखऱ्या जागेवर बोट ठेवत. अभिजीत दयावर गोळी झाडतो, हीच जाहिरातीची मध्यवर्ती प्रतिमा होती. दोन दशके जे व्हायला नको असे वाटत होते, ते पहिल्याच फटक्यात दाखवले. इथपर्यंत ते चालण्यासारखे होते. त्या गोळीमागे काय घडले, हा प्रश्न कथेला पुढे नेत होता आणि दोघेही समोर होते.

खरा वाद एप्रिल २०२५च्या निर्णयाचा. कथेत बार्बोझा नावाचा जुना शत्रू परत येतो, सापळा रचतो आणि स्फोटात प्रद्युम्न मारले जातात. (बार्बोझा हे आपल्याकडे शेजाऱ्याचे, शाळेतल्या सराचे आडनाव. फ्रेडीने जे कमावले, ते इथे थोडे गमावले असे मला वाटते.) एसीपींना मारू नये, असा नियम अर्थातच नाही. सत्तावीस वर्षे जिवावर उदार होऊन काम केलेला अधिकारी कामावर असताना जातो, यात खोटे काहीच नाही. उलट नीट लिहिला असता, तर नकुलच्या मृत्यूचे वर्तुळ तिथे पुरे झाले असते. ज्याने कर्तव्यासाठी मुलगा दिला, त्याने शेवटी स्वतःलाही दिले, ही गोष्ट सांगण्यासारखीच होती.

बिघडले ते कथेबाहेर. वाहिनीने आपल्या अधिकृत खात्यावरून श्रद्धांजलीचा मजकूर टाकला. त्यात एका युगाचा अंत झाल्याचे म्हटले होते आणि नावापुढे १९९८ ते २०२५ अशी वर्षे होती. वर्तमानपत्रातली श्रद्धांजलीची चौकट रोज वाचणाऱ्या आपल्या माणसांना असा मजकूर कसा वाचायचा, हे सांगावे लागत नाही. गोव्यात सकाळी अंक हातात आला की अनेक जण आधी ते पान उघडतात. कोण गेले, अंत्यविधी किती वाजता, हे पाहून मगच बाकीच्या बातम्या. त्या धाटणीत पात्राचे नाव छापले, तर वाचणारा अभिनेत्यासाठी हळहळणारच. फ्रेडीला खरोखर जाऊन तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. अशा प्रेक्षकाला अशी बातमी अशा रीतीने देणे निर्दयपणाचे होते.

दुसरी बाजू अशी मांडली जाते की लांबलेल्या मालिकेला धक्का द्यावा लागतो, नव्या एसीपीला जागा करून द्यावी लागते आणि चर्चा हीदेखील मालिकेची गरज असते. नवे एसीपी आयुष्मान लगेचच आलेही. पण त्याच दिवसांत साटम यांनी सांगितले की आपण काही काळ सुटी घेतली आहे आणि आपला धागा संपला की नाही, हे आपल्याला कळवलेले नाही. म्हणजे प्रेक्षकांपुढे पूर्णविराम ठेवला होता आणि खुद्द कलाकाराला तो पूर्णविराम आहे की स्वल्पविराम, हे ठाऊक नव्हते. नव्या अभिनेत्यावरही यात अन्याय झाला. त्याला पाहणारा प्रत्येक जण रिकाम्या खुर्चीशी त्याची तुलना करत बसला.

नंतर काही आठवड्यांतच प्रद्युम्न परतले. लोकांना आनंद झाला, मलाही झाला. पण त्या आठवड्यात ज्यांनी डोळे पुसले होते, त्यांचे काय, हा प्रश्न मालिकेने स्वतःला विचारल्याचे दिसले नाही. नकुल परतला नाही, म्हणून त्याचे मरण इतकी वर्षे टिकले. बाप परतला आणि त्याचे मरण एका हंगामाच्या चर्चेत संपले. यापुढे पथकातले कोणी खरेच मारायचे ठरले, तर ते पटवून देणे लेखकांना फार अवघड जाणार आहे.

इथल्या तरुण प्रेक्षकांकडे ही सगळी कथा उलट्या क्रमाने पोचते आहे. फेब्रुवारी २०२५पासून नवे भाग नेटफ्लिक्सवरही आले, जुने यूट्यूबवर आहेतच. कॉलेजातली मुले आधी बार्बोझाचा स्फोट पाहतात, मग प्रद्युम्नांचे पुनरागमन, आणि घरातल्या कोणी 'हे काहीच नाही, तो मुलाचा भाग बघ' असे सांगितले की मग नकुल शोधतात. चित्र धूसर, आवाज खरखरीत, पार्श्वसंगीत अंगावर येणारे. तरीही बाप पिस्तूल उचलतो तिथे ही मुले व्हिडिओ पुढे ढकलत नाहीत.