पोहणे : तरंगणे, पाय मारणे आणि हात मारणे

पाण्यात शरीर तरंगते ठेवून हातापायांच्या हालचालींनी पुढे सरकणे म्हणजे पोहणे. नवशिक्याचे सगळे लक्ष हातांकडे असते. शिकवणारा मात्र दोनच गोष्टी पाहतो : डोके कुठे आहे आणि पाण्यात हवा सुटते आहे का. आधी तरंगणे, मग पाण्यात श्वास सोडणे, मग पाय आणि शेवटी हात, हा शिकण्याचा क्रम आहे. तो मोडून थेट हातांपासून सुरुवात केलेला माणूस आठवड्याभरात तलावाची रुंदी पार करतो, पण वर्षभरानंतरही तेवढ्याच अंतरात धापा टाकतो.

तरंगण्याचे गणित : छाती भरून श्वास घेतलेल्या माणसाची घनता गोड्या पाण्याच्या सुमारे ०.९८ पट असते. श्वास पूर्ण सोडला की ती १ च्या वर जाते. म्हणजे ६० किलोच्या माणसाने छाती भरून घेतली, तरी त्याचा जेमतेम सव्वा लिटर आकारमानाचा भाग पाण्यावर राहू शकतो. सव्वा लिटर म्हणजे चेहरा आणि थोडी छाती. अख्खे डोके तेवढ्यात मावत नाही. ते चार-साडेचार किलोंचे असते आणि पाण्याबाहेर काढले की त्याचा भार उरलेल्या शरीराला पेलावा लागतो. बुडण्याच्या भीतीने मान वर काढणारा म्हणूनच लवकर बुडतो, आणि आभाळाकडे तोंड करून पडून राहिलेल्याचे नाक आपसूक बाहेर राहते. समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे तिथे आणखी दीड लिटरभर भाग वर राहतो. मालवणला तरंगणे साताऱ्याच्या विहिरीपेक्षा सोपे वाटते ते यामुळे. चरबी पाण्यापेक्षा हलकी, तर स्नायू आणि हाडे जड. सडपातळ, पिळदार अंगाच्या तरुणाचे पाय हमखास खाली जातात. त्यात त्याची चूक काही नसते.

पाय खाली जाण्याला आणखी एक कारण आहे. पाणी शरीराला उचलते ते मुख्यतः फुप्फुसांपाशी, छातीत; शरीराचे वजन मात्र बेंबीच्या खाली, कमरेपाशी एकवटलेले असते. हे दोन बिंदू एका रेषेत येईपर्यंत शरीर फिरत राहते आणि उभे होऊ लागते. उपाय साधा आहे : हात पाण्यातच डोक्याच्या मागे लांब करायचे. वजन डोक्याकडे सरकते आणि पाय वर येतात. गुडघे दुमडल्यानेही थोडा फरक पडतो.

तरंगायला शिकणे : कमरेपासून छातीपर्यंत पाणी असलेली जागा निवडावी. सगळ्यात आधी काठ धरून, तोंड पाण्यात बुडवून नाकातोंडातून बुडबुडे सोडायचे आणि मान वळवून तोंडाने श्वास घ्यायचा. असे सलग वीस वेळा न घाबरता जमेपर्यंत पुढे जाऊ नये. मग गाठोडे : छाती भरून घ्यायची, गुडघे पोटाशी घेऊन हातांनी कवटाळायचे आणि हनुवटी छातीला लावायची. शरीर आधी थोडे खाली जाते, मग पाठ अलगद पाण्याच्या वर येते. पाणी आपल्याला उचलते, हे नवशिक्याला इथे पहिल्यांदा पटते. गाठोड्यातूनच हातपाय लांब केले की पालथे तरंगणे होते.

उभे राहणे हा वेगळा धडा आहे आणि तो वगळला जातो. पालथा तरंगणारा नवशिका पाय खाली टाकायला जातो, पण धड आडवेच राहते. पाय तळाला लागत नाहीत, तो घाबरतो आणि कमरेएवढ्या पाण्यात गटांगळ्या खातो. योग्य कृती अशी : गुडघे पोटाखाली ओढायचे, दोन्ही तळहातांनी पाणी खाली दाबायचे, डोके वर उचलायचे आणि मग पाय टेकवायचे. उताणे असताना हनुवटी छातीकडे आणायची, खुर्चीत बसल्यासारखे गुडघे घ्यायचे आणि हातांनी पाणी मागून पुढे ढकलायचे.

उताणे तरंगताना कान पाण्यात असलेच पाहिजेत. कानात पाणी जाईल म्हणून मान उचलली की कमर बसते आणि मागोमाग पाय जातात. पोट वर, हनुवटी किंचित वर, हात बाजूला पसरलेले, नजर थेट वर. श्वास झटकन सोडून लगेच भरून घ्यायचा, कारण एक लिटर हवा बाहेर गेली की एक किलोचा उचल कमी होतो. शवासनाची सवय असलेल्यांना हे लवकर जमते, असा शिकवणाऱ्यांचा अनुभव आहे.

विहिरीतील शिक्षण : महाराष्ट्राच्या खेड्यांत पोहणे विहिरीत शिकवले जाते. विहिरीला उथळ बाजू नसते, म्हणून पाठीला काहीतरी बांधावे लागते : पांगाऱ्याच्या वाळक्या हलक्या लाकडांचा बिंडा, सुका भोपळा, पत्र्याचा झाळलेला डबा आणि अलीकडे प्लॅस्टिकचा कॅन किंवा ट्यूब. पाच लिटरचा बंद कॅन जवळजवळ पाच किलोंचा उचल देतो, म्हणजे मुलाला पुरून उरतो. तो पाठीवर, कमरेच्या वर घट्ट बसला पाहिजे. दोरी सैल पडून तो ढुंगणावर सरकला तर कमर वर आणि तोंड खाली जाते. बिंड्याची सोय अशी की हात बसेल तसे एकेक लाकूड कमी करता येते. कॅनच्या बाबतीत तोच परिणाम आत थोडे थोडे पाणी भरून साधतो. पाण्यात पडले की पोहता येते, ही म्हण संसाराला लागू असेल. विहिरीवर तिच्या भरवशावर कुणाला ढकलू नये.

विहिरीत शिकलेल्याचे धैर्य दांडगे असते. सूर आणि मुटका त्याला लहानपणीच येतात, पण मान कायम वर असते. कुत्रा पोहतो तसे हात पाण्याखालीच चालतात आणि शरीर तिरके राहते. विहिरीचा व्यास पार करायला ते पुरते. पन्नास मीटरच्या तलावात किंवा नदीच्या ओढीत मात्र तीच मान जड होते.

पाय मारणे : फ्रीस्टाइल (पालथे पडून, हात आळीपाळीने पाण्यावरून फेकत पोहणे) आणि बॅकस्ट्रोक (उताणे पोहणे) यांत पाय आळीपाळीने वरखाली होतात. हालचाल खुब्यापासून सुरू होते, गुडघा थोडासाच वाकतो आणि घोटा ओल्या फडक्यासारखा सैल राहतो. पावले बॅलेच्या नर्तिकेसारखी मागे ताणलेली, अंगठे किंचित आत वळलेले. दोन पावलांतले अंतर फुटभरापेक्षा फारसे वाढू देऊ नये. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सायकल चालवणे. गुडघा पोटाकडे येतो, मांडी पाण्याला आडवी होते आणि तीच पुढे जाण्यात अडथळा बनते. किकबोर्ड, म्हणजे हातात धरायची तरंगती फळी, घेऊन पाय मारणारा नवशिका जागच्या जागी राहतो, क्वचित मागेही सरकतो, तो याच कारणाने किंवा घोटे ताठ असल्यामुळे. धावणारे आणि फुटबॉल खेळणारे यात हमखास सापडतात.

पाय किती मारायचे हे अंतरावर ठरते. कमी अंतराच्या शर्यतीत हातांच्या एका पूर्ण आवर्तनाला सहा वेळा. लांब पल्ल्याला अनेकदा दोनच. मांड्यांचे मोठे स्नायू प्राणवायू फार खातात आणि वेगात मात्र हातांइतकी भर घालत नाहीत. भारतीय सैन्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी होऊन कमरेखाली लुळे पडले होते. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी ३७.३३ सेकंदांत, हातांच्या जोरावर मिळवले.

ब्रेस्टस्ट्रोकचे (पालथे पडून, दोन्ही हात एकदम पाण्याखालून ओढत पोहण्याचे) पाय बेडकासारखे चालतात. टाचा ढुंगणाकडे ओढायच्या, चवडे बाहेर वळवायचे, तळपायांच्या आतल्या बाजूने पाणी गोलाकार मागे लोटायचे आणि पाय जुळवून लांब करायचे. इतर सर्व प्रकारांत पावले ताणायची असतात, इथे ती नडगीकडे दुमडायची, म्हणून गोंधळ उडतो. एक पाऊल बाहेर आणि दुसरे आत राहिले की पाय कात्रीसारखे चालतात. शर्यतीत त्यासाठी खेळाडू बाद होतो. गुडघे फार फाकवून जोरात झटका दिला तर गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध दुखावतो. त्या दुखण्यावर पहिला उपाय म्हणजे काही दिवस हे पाय बंद ठेवणे.

हात मारण्याचे प्रकार : शर्यतीतले प्रकार चार आहेत. फ्रीस्टाइल हे खरे तर शर्यतीचे नाव; त्यात कोणत्याही पद्धतीने पोहता येते, पण सगळ्यांत वेगवान असल्यामुळे सगळे क्रॉलच मारतात. जॉन ट्रजन या इंग्रज पोहणाऱ्याने १८७३ मध्ये लंडनला हात पाण्यावरून आळीपाळीने फेकण्याची पद्धत दाखवली, तिला पाय मात्र कात्रीचे होते. वरखाली पाय मारण्याची जोड पुढे ऑस्ट्रेलियात मिळाली.

क्रॉलमध्ये हात खांद्याच्या रेषेत, डोक्याच्या थोडे पुढे, बोटांनी पाण्यात शिरतो. मग तो पुढे लांब होतो, बोटे खाली वळतात, कोपर वर राहते आणि तळहातासह कोपरापर्यंतचा सगळा हात वल्ह्यासारखा पाणी मागे लोटत मांडीपाशी बाहेर येतो. बोटे घट्ट जुळवण्याची गरज नाही. हात नाकासमोरून पलीकडे गेला की कमर नागमोडी हलते. कोपर आधी खाली पडले की पाणी मागे न जाता खाली दाबले जाते आणि कष्ट वाया जातात. श्वास घेताना डोके उचलायचे नाही, शरीराबरोबर वळवायचे. एक गॉगल पाण्यात आणि एक बाहेर, ही खूण पुरेशी आहे. तोंड पाण्यात असतानाच हवा सोडलेली हवी. पुष्कळजण श्वास कोंडून ठेवतात आणि तोंड बाहेर आल्यावर सोडणे आणि घेणे दोन्ही करू पाहतात. तेवढा वेळ मिळत नाही, रक्तात कर्बवायू साठतो आणि २५ मीटरवर दम लागतो. दमायला होते ते पोहण्याने नव्हे, श्वास न सोडल्याने.

ब्रेस्टस्ट्रोक चारही प्रकारांत सगळ्यांत संथ आहे. मॅथ्यू वेब या इंग्रजाने ऑगस्ट १८७५ मध्ये याच पद्धतीने २१ तास ४५ मिनिटांत इंग्लिश खाडी पोहून पार केली. क्रम असा : हात ओढा, श्वास घ्या, पाय मारा, सरका. हात खांद्याच्या मागे जाता कामा नयेत; मांडीपर्यंत नेले तर परत आणताना तेच पाणी अडवतात. शेवटचे सरकणे लोक विसरतात. हात लांब, डोके दोन हातांमध्ये, एक-दोन सेकंद नुसते वाहू द्यायचे. प्रत्येक पायाचा मोबदला तिथेच मिळतो. आपल्या तलावांवर सकाळच्या बॅचला गप्पा मारत, मान वर ठेवून पोहणारी ज्येष्ठ मंडळी दिसतात. व्यायाम होतो, पण मानेचा मागचा भाग आखडतो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये जपानचा मासारू फुरुकावा पाण्याखालून लांब अंतर पोहत जिंकला. त्यानंतर नियम बदलून दर आवर्तनाला डोके वर येणे सक्तीचे झाले.

बॅकस्ट्रोकमध्ये हात पाण्यातून अंगठ्याच्या बाजूने निघतो आणि करंगळीच्या बाजूने शिरतो. डोके स्थिर, खांदे आलटून पालटून वळते. गुडघे पाण्याबाहेर डोकावले तर समजावे की माणूस बसून पोहतो आहे. भिंत दिसत नसल्याने तिच्या पाच मीटर अलीकडे पताका लावलेल्या असतात. तिथून आपले किती हात बसतात हे एकदा मोजून ठेवावे, म्हणजे डोक्याला टेंगूळ येत नाही.

बटरफ्लाय ब्रेस्टस्ट्रोकमधूनच निघाला आणि १९५२ मध्ये वेगळा झाला. दोन्ही हात एकदम पाण्यावरून फेकायचे आणि हातांच्या एका आवर्तनाला डॉल्फिनसारखे पाय दोनदा मारायचे, एकदा हात शिरताना आणि एकदा निघताना. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. नवशिक्याने याच्या वाटेला जाऊ नये.

शर्यतीत नसलेले दोन प्रकार मात्र प्रत्येकाला यावेत. एक कुशीवर पोहणे : एक कान पाण्यात, कात्रीचे पाय, वरचा हात मोकळा. दुसऱ्याला ओढून आणताना तो कामी येतो. दुसरे उभे पोहणे : पाय बेडकासारखे पण आळीपाळीने, आणि हात छातीसमोर आडव्या इंग्रजी आठासारखे फिरते, तळहात तिरके. हात वरखाली थापटण्याने काही साधत नाही. हनुवटीपर्यंतच पाण्याबाहेर राहावे. खांदे काढण्याचा हट्ट केला की मिनिटभरात दम संपतो.

अडचणी आणि अपघात : पोटरीत गोळा आला तर उताणे तरंगून, चवडा हाताने नडगीकडे ओढून धरावा. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेण्याची पैज लावू नये. त्याने कर्बवायू कमी होतो, श्वासाची ओढ उशिरा लागते आणि माणूस पाण्याखालीच शुद्ध हरपतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर लाट परतताना आत ओढ लागली तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या पट्ट्याबाहेर यावे, मग वळावे.

बुडणारा बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, डोके मागे, शरीर उभे, हात पाणी खाली दाबत असलेले, असे २० ते ६० सेकंद चालते. पलीकडच्या माणसाला तो खेळतो आहे असेच वाटते. शिक्षण नसताना उडी मारणारा स्वतःही मिठीत सापडतो, म्हणून आधी बांबू, साडी किंवा दोरी पुढे करावी. विहिरीवर दोरी बांधलेला पाच लिटरचा कॅन टांगून ठेवावा. कोरडा कॅन वाऱ्याने भरकटतो. त्यात तांब्याभर पाणी ठेवून झाकण घट्ट लावले की तो नेमक्या जागी फेकता येतो, आणि तरंगतोही.