मूल दत्तक दिलं तरी वर्दी उतरवाच

1970 सालची गोष्ट. अमेरिकी हवाई दलातल्या परिचारिका कॅप्टन सुझन स्ट्रक व्हिएतनाममध्ये नेमणुकीवर होत्या आणि त्यांना दिवस गेले. लग्न झालेलं नव्हतं. त्या कॅथलिक, त्यामुळे गर्भपात त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हता. त्यांनी आपल्यापुरता हिशेब मांडला: साठलेल्या रजेत बाळंतपण उरकायचं, मूल दत्तक द्यायचं आणि पुन्हा कामावर रुजू व्हायचं. हवाई दलाने त्यांच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या. तळावरच्या इस्पितळात गर्भपात करून घ्या, नाहीतर नोकरी सोडा.

अमेरिकेत गर्भपाताचा हक्क देशभर मान्य व्हायला अजून दोन-अडीच वर्षं होती. बहुतेक राज्यांत तो गुन्हा होता. तरी लष्करी इस्पितळात त्याची सोय होती आणि नोकरी टिकवण्याचा तोच एक मार्ग होता. मूल दत्तक देण्याचा विचार नियमाच्या चौकटीत कुठे बसतच नव्हता.

त्या नियमाचं मूळ आणखी मागे जातं. दुसऱ्या महायुद्धात बायका लष्करात आल्या तेव्हाही गरोदरपण म्हणजे घरी परत, असंच होतं. अविवाहित असताना दिवस गेलेल्यांना तर ‘परवानगीशिवाय गरोदर’ असं एक कागदी नाव होतं. अशांना बेअब्रूचा शेरा मारून काढावं, असा एक विचार वर चालला होता. महिला दलाच्या प्रमुख ओव्हेटा कल्प हॉबी यांनी मग हाच नियम त्या पोरांच्या बापांनाही लावा, असं सुचवलं, आणि तो विचार तिथेच बारगळला.

1948 च्या कायद्याने बायकांना लष्करात कायमची जागा मिळाली. पण 27 एप्रिल 1951 रोजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी आदेश क्रमांक 10240 काढला. बाई गरोदर राहिली, तिला मूल झालं, किंवा ठरावीक वयाच्या आतलं मूल, सावत्र असो वा दत्तक, तिच्या ताब्यात आलं, तर तिला सेवेतून कमी करता येईल, असा त्याचा आशय. दोन पोरांच्या बापाला मात्र बढती मिळायला काहीच आडकाठी नव्हती.

स्ट्रक यांचं प्रकरण या नियमाला नेमकं कुठे खुपलं? आई झालेली बाई कर्तव्याला पुरी पडणार नाही, हे नियमामागचं तर्कशास्त्र. पण इथे बाई मूल सांभाळणारच नव्हती. मग हवाई दलाची हरकत नक्की कशाला? बाळंतपणाच्या काही आठवड्यांना म्हणावं, तर तेवढे दिवस अंथरुणाला खिळवणारे इतर आजारही असतात, आणि त्यांच्यापायी कुणाला आपोआप घरी पाठवत नसत. दत्तकाच्या निर्णयाने नियमाचं वरचं कातडं सोलून निघालं.

त्यांना मायदेशी पाठवलं गेलं. ऑक्टोबर 1970 मध्ये सेवामुक्तीचा आदेश निघाला. वकिलांनी कोर्टातून स्थगित्या मिळवून तो अडवून धरला. 3 डिसेंबरला मुलगी झाली, ती दत्तक दिली गेली, आणि स्ट्रक नोकरीत राहून लढत राहिल्या. खालच्या कोर्टांत त्या हरल्या. सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी हाती घेतली. पुढे त्या स्वतःच त्या न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या. ऑक्टोबर 1972 मध्ये न्यायालयाने प्रकरण सुनावणीला घेतलं आणि सरकारचे वकील अर्विन ग्रिस्वोल्ड यांच्या लक्षात आलं की हे आपण हरू शकतो. त्यांच्या सल्ल्याने हवाई दलाने स्ट्रक यांच्यापुरती सूट दिली. भांडणच उरलं नाही, म्हणून डिसेंबरात प्रकरण खालच्या कोर्टाकडे परत पाठवण्यात आलं.

गिन्सबर्ग यांनी नंतर सांगितलेला एक प्रसंग आहे. खटला जिवंत राहावा म्हणून त्यांनी फोनवर स्ट्रक यांना विचारलं, अजून काही नाकारलं गेलंय का तुम्हाला? स्ट्रक म्हणाल्या, मला वैमानिक व्हायचंय. दोघी हसल्या. 1972 मध्ये तसली मागणी म्हणजे थट्टाच होती.

सक्तीची सेवामुक्ती शेवटी 1975 मध्ये संरक्षण खात्यानेच थांबवली. 1976 मध्ये एका अपील न्यायालयाने मरीन दलाचा असाच नियम घटनाबाह्य ठरवला. आपल्याकडे लष्करी परिचारिकेला लग्न केलं म्हणून काढता येईल असा 1977 चा आदेश 1995 पर्यंत चालू होता. त्याखाली 1988 मध्ये नोकरी गेलेल्या सेलिना जॉन यांना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये 60 लाखांची भरपाई दिली. दुसऱ्यांना हसायची सोय नाही.

1970 नंतर दोन गोष्टी उलट्या दिशांना गेल्या. अमेरिकेत अविवाहित आयांची शंभरातली सुमारे 9 मुलं 1973 पूर्वी दत्तक जात. नव्वदीच्या दशकात हे प्रमाण जेमतेम 1 वर आलं. समाजाची लाज कमी झाली तशी मूल स्वतःकडे ठेवणारी बाई वाढली. आणि ज्या लष्करी इस्पितळांत गर्भपात करून घ्या असं सांगितलं जाई, तिथे ऐंशीच्या दशकापासून आईच्या जिवाला धोका असेल तरच सरकारी खर्चाने तो होऊ लागला. 2013 पासून बलात्कार आणि जवळच्या नात्यातले अत्याचार, एवढ्यांची भर पडली.

बापाची बाजू कायद्यापुढे येते ती बहुधा उशिरा. 2013 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गाजलेल्या एका दत्तक प्रकरणात बाप सैनिक होता, तिथल्या मूळनिवासी चेरोकी जमातीचा. आपण हक्क सोडतोय, असं त्याने मुलीच्या आईला फोनवरच्या मेसेजमधून कळवलं होतं. मुलगी चार महिन्यांची असताना, इराकला निघायच्या तोंडावर, त्याच्या हाती दत्तकाचे कागद आले. त्याने सही केली, आणि दुसऱ्या दिवशी वकील गाठला. मूल आईकडेच राहणार अशा समजुतीत सही केली, असं त्याचं म्हणणं. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दत्तक घेणाऱ्या जोडप्याच्या बाजूने दिला.

अमेरिकी लष्कराच्या आजच्या नियमांत दत्तक हा शब्द भरपूर दिसतो, पण घेणाऱ्याच्या बाजूने: एका मुलामागे 2,000 डॉलरपर्यंत खर्चाची भरपाई, आणि 2022 च्या अखेरीपासून 12 आठवड्यांची पालकत्वाची रजा. एकटीने मूल ठेवायचं तर सैनिक बाईला कुटुंब-देखभाल आराखडा भरून द्यावा लागतो. अचानक हुकूम आला तर बाळाला तातडीने कोण घेईल, आणि लांबच्या नेमणुकीत महिनोन्महिने कोण सांभाळेल, ही नावं कागदावर, त्या माणसांच्या सहीसकट. ती देता आली नाहीत तर नोकरी जाऊ शकते. आई, बहीण, मैत्रीण, अशी एकेक नावं मनात खोडत गेल्यावर रकाना रिकामाच राहिला, की दत्तकाचा विचार तिथून सुरू होतो.