पाणीवेशीसमोरची माणसं

हातात मावेल एवढं एक खापर. त्यावर काळ्या शाईत, जुन्या हिब्रू लिपीत लिहिलेल्या काही ओळी. इस्रायलच्या दक्षिणेला नेगेव वाळवंटाच्या कडेवर तेल अराद नावाचं टेकाड आहे. तिथल्या किल्ल्याचं उत्खनन योहानान अहारोनी यांनी 1960च्या दशकात केलं, तेव्हा अशी लिहिलेली खापरं ढिगाने निघाली. त्यातलं 18 क्रमांकाचं खापर म्हणजे किल्ल्यातल्या एल्याशीब नावाच्या अधिकाऱ्याला आलेली चिठ्ठी, इ.स.पू. 600च्या सुमाराची. आधी त्याच्या क्षेमकुशलाची प्रार्थना, मग कामाचं बोलणं: शमर्याहूला एवढं दे, केरोसीला एवढं दे. मापं अक्षरांत लिहिलेली नाहीत, नुसत्या खुणा आहेत. शेवटी निरोप, की 'तो' यहोवाच्या, म्हणजे इस्रायलच्या देवाच्या मंदिरात आहे; तो कोण, हे चिठ्ठीत नाही.

या चिठ्ठीची चर्चा मंदिराच्या उल्लेखामुळे होते. मला मात्र त्यातला केरोसी जास्त मोलाचा वाटतो. हे माणसाचं नाव नव्हे, कुळाचं. बायबलमधल्या एज्राच्या ग्रंथात यरुशलेमच्या मंदिरसेवकांची कुळं एकापाठोपाठ एक दिली आहेत, त्यांत केरोस आहे. म्हणून अनेक अभ्यासक त्याला त्याच घरातला मानतात. या सेवकांना हिब्रूत 'नथीनीम' म्हणत. 'नातान' म्हणजे देणं. नथीनीम म्हणजे दिलेले, आपल्या बोलीत देवाला वाहिलेले.

प्राचीन इस्रायलची उपासना म्हटली की डोळ्यांपुढे याजक येतात, फार तर त्यांच्या हाताखालचे लेवी. पण बायबलमधले उपासनेचे नियम नीट वाचा. वेदीवरचा अग्नी विझू द्यायचा नाही, म्हणजे रोज लाकूड हवं. बळीची आतडी आणि पाय पाण्याने धुवायचे, म्हणजे रोज पाणी हवं. ते आणायचं कुणी? यहोशवाच्या ग्रंथात उत्तर आहे. गिबोनच्या लोकांनी फसवून तह करून घेतला, जीव वाचला, पण देवाच्या वेदीसाठी 'लाकूडतोडे आणि पाणके' होण्याचं काम गळ्यात पडलं. नंतरच्या यहुदी परंपरेने नथीनीम म्हणजे याच गिबोनकरांचे वंशज मानले.

गिबोन म्हणजे यरुशलेमच्या वायव्येचं आजचं अल-जिब गाव. जेम्स प्रिचर्ड यांनी 1956 ते 1962 दरम्यान तिथे खोदकाम केलं. मातीच्या घागरींच्या कानांवर 'गिबोन' असं कोरलेलं सापडलं आणि जागेची ओळख पक्की झाली. तिथेच निघाली खडकात खोदलेली प्रचंड विहीर: सुमारे 12 मीटर व्यास, 11 मीटर खोली, कडेने गोल गोल उतरणाऱ्या पायऱ्या. आणि तळाशी पोचलं तरी पाणी नाहीच. तिथून भुयारातल्या पायऱ्यांनी आणखी तितकंच खाली जायचं. पंधरा लिटरची घागर म्हणजे पाण्याचंच वजन पंधरा किलो, मातीचं वेगळं. ते घेऊन अंधारातून वर यायचं. 'पाणके' या दोन-तीन अक्षरांत एवढं सगळं आहे.

माणसं देवाला वाहण्याची रीत एकट्या इस्रायलची नव्हती. बाबिलोनियात उरुकच्या एआन्ना मंदिरात 'शिर्कू' असत. त्या शब्दाचा अर्थही दिलेला, असाच. त्यांच्या हातावर इश्तार देवीचा तारा डागलेला असे. तसं काही नथीनीमांबद्दल कुठे लिहिलेलं नाही. ते गुलाम होते की मंदिराशी बांधलेली एखादी कारागीर जमात, यावर वाद आहे. बारुख लेव्हिन यांनी 1963मध्ये दुसरी बाजू मांडली, आणि मला ती पटते. ज्याच्या नावाने कोठारातून शिधा सुटतो आणि ज्याची ओळख धन्याने नव्हे, कुळाने दिली जाते, तो कुणाची निव्वळ मालमत्ता वाटत नाही.

अशी माणसं स्तोत्रांत सापडत नाहीत, हिशेबात सापडतात. म्हणून अरादची खापरं आजही पुन्हापुन्हा तपासली जातात. तेल अवीव विद्यापीठाच्या चमूने 18 मजकुरांची अक्षरवळणं संगणकाने आणि पोलिसांकडच्या हस्ताक्षरतज्ज्ञाकडून पारखली. 2020मध्ये निष्कर्ष आला की ती निदान 12 वेगवेगळ्या हातांनी लिहिली आहेत. त्याआधी 2017मध्ये, निरनिराळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात छायाचित्रं घेतल्यावर 16 क्रमांकाच्या खापराच्या कोऱ्या समजल्या गेलेल्या पाठीवर मजकूर उमटला. त्यात द्राक्षारस मागितलेला होता. पन्नास वर्षं ती बाजू सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

इ.स.पू. 586मध्ये बाबिलोनी सैन्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं आणि लोकांना देशोधडीला लावलं. पुढे इराणी राजवटीत परतलेल्यांची यादी एज्राच्या ग्रंथात आहे. याजक 4,289. लेवी फक्त 74. नथीनीम आणि शलमोन राजाच्या सेवकांचे वंशज मिळून 392. याजकांच्या बरोबरीने त्यांनाही करमाफी होती. पण पुढे मिश्नाने, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहाने, त्यांना अस्सल इस्रायली कुळांशी सोयरीक करायला मनाई केली. मंदिरासाठी सगळं सोडून परत आलेल्यांच्या वाट्याला हे यावं, याचं मला वाईट वाटतं.

त्यांची वस्ती कुठे होती, हे नहेम्याच्या ग्रंथात एका ओळीत येतं: यरुशलेममधल्या ओफेल टेकडीच्या उतारावर, पाणीवेस नावाच्या वेशीच्या समोरपर्यंत. खाली दरीत गिहोनचा झरा, वर डोंगरमाथ्यावर मंदिर, आणि मधल्या चढावर त्यांची घरं.