दगडापेक्षा वीट मऊ? अमेरिकेतला स्थलांतराचा प्रश्न आणि दोन नावडते उमेदवार

३० जानेवारी २००८ रोजी कॅलिफोर्नियातल्या रेगन ग्रंथालयात रिपब्लिकन इच्छुकांची वादचर्चा झाली. जॉन मॅकेन यांना तिथे एक सरळ प्रश्न आला: डेमोक्रॅट सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या सोबतीने तुम्हीच मांडलेले स्थलांतर विधेयक आज सिनेटमध्ये मतदानाला आले, तर तुम्ही त्याला मत द्याल का? मॅकेन यांनी नाही म्हणून सांगितले. आधी सीमा सुरक्षित झालेली लोकांना हवी आहे, हे त्यांचे कारण.

नोव्हेंबरात त्यांच्यासमोर बराक ओबामा होते. मेक्सिकोच्या सीमेवर सुमारे ७०० मैल कुंपण घालण्याच्या २००६ च्या कायद्याला दोघांनीही मत दिले होते. २००७ च्या तडजोडीच्या विधेयकालाही दोघांचा पाठिंबा होता. पण त्यातली तात्पुरत्या कामगारांची योजना पाच वर्षांनी बंद करणारी दुरुस्ती ४९ विरुद्ध ४८ अशी, एका मताने मंजूर झाली, तेव्हा ओबामा त्या दुरुस्तीच्या बाजूने होते. या दुरुस्तीने दोन पक्षांतली बांधणी खिळखिळी केली, आणि २८ जून २००७ रोजी चर्चा संपवण्याच्या ठरावाला आवश्यक ६० ऐवजी ४६ मते मिळून विधेयक बुडाले.

ज्याला स्थलांतर कमी व्हायला हवे होते, त्या मतदाराला मॅकेन यांचा भरवसा नव्हता आणि ओबामांकडून आशा नव्हती. ज्याला कागदपत्रांविना राहणाऱ्यांना कायदेशीर वाट मिळायला हवी होती, त्याच्यापुढे एक आपले विधेयक नाकारणारा आणि दुसरा ते पोखरू देणारा. इकडे आड, तिकडे विहीर. पुढच्या जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत हा मतदार इथेच येऊन अडकला. उमेदवारांचे स्वभाव हे त्याचे अर्धेच कारण. उरलेले कायद्यांच्या इतिहासात आहे.

१९२४ च्या कायद्याने अमेरिकेत येणाऱ्यांची संख्या मूळ देशानुसार ठरवली आणि आशियाचे दार जवळपास बंद केले. त्याआधी, १९२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना 'गोरे' मानायला नकार देऊन भारतीयांचा नागरिकत्वाचा मार्ग अडवला होता. १९४६ मध्ये भारताला वर्षाला १०० जागांचा कोटा मिळाला. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी लिबर्टी बेटावर सही करून देशनिहाय कोटे रद्द केले. पुण्या-मुंबईचे डॉक्टर आणि इंजिनिअर पुढच्या दशकांत न्यू जर्सी, शिकागो, डेट्रॉइटकडे गेले ते याच कायद्याने.

पण त्याच कायद्याने पश्चिम गोलार्धावर पहिल्यांदाच मर्यादा घातली: वर्षाला १,२०,००० जागा. मेक्सिकन शेतमजुरांची 'ब्रासेरो' योजना १९६४ अखेर संपलेलीच होती. शेतातले काम तेच, मजूर तेच, हंगाम तेच. परवाने मात्र उरले नाहीत. बेकायदा स्थलांतराचा आजचा प्रश्न बराचसा इथून सुरू होतो.

६ नोव्हेंबर १९८६ रोजी रोनाल्ड रेगन यांनी सही केलेला कायदा हा सौदा होता. १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून देशात असलेल्यांना, आणि वेगळ्या अटींवर शेतमजुरांना, कायदेशीर दर्जा द्यायचा. त्या बदल्यात बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकाला दंड करायचा. पहिला भाग पार पडला. सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. दुसरा भाग कागदावरच पोकळ होता. नोकरीवर ठेवल्यापासून तीन कामकाजी दिवसांत मालकाने 'आय-९' फॉर्म भरून कामगाराची कागदपत्रे पाहायची, पण ती वरवर खरी दिसली तरी पुरे. ती खरी आहेत का, हे पडताळण्याची सक्ती नव्हती. उलट फार खोदून विचारले तर भेदभावाचा दावा होण्याची भीती. दंडासाठी मालकाने 'जाणूनबुजून' ठेवले हे सिद्ध करावे लागे. बनावट सोशल सिक्युरिटी कार्डांचा धंदा फोफावला आणि मालक मोकळे राहिले.

या फसलेल्या सौद्याची आठवण पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत आडवी आली आहे. 'आधी सीमा, मग बाकीचे' या मॅकेन यांच्या उत्तरामागे ती होती. स्थलांतर कमी हवे असणारा मतदार कोणत्याही तडजोडीकडे संशयाने पाहतो, तेव्हा त्याच्या संशयाला १९८६ चा पुरावा असतो. त्याला सरसकट द्वेष म्हणणे हे आळशीपणाचे आहे.

भारतीयांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कायदा २९ नोव्हेंबर १९९० चा. थोरल्या जॉर्ज बुश यांनी सही केलेल्या या कायद्याने उच्चशिक्षित परदेशी कामगारांसाठी एच-१बी हा तात्पुरता व्हिसा आणला, वर्षाला ६५,००० च्या मर्यादेने. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांचा आकडा १,४०,००० ठरला आणि कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून अधिक वाटा नाही, असे बंधन राहिले. हे आकडे आजही कायद्यात तसेच आहेत.

त्यांचे गणित करून पाहण्यासारखे आहे. ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या गटाला १,४०,००० पैकी २८.६ टक्के, म्हणजे सुमारे ४०,००० कार्डे. त्यांचे ७ टक्के म्हणजे भारताच्या वाट्याला साधारण २,८००. वर इतर देशांच्या न वापरलेल्या जागा कधी मिळाल्या तर मिळाल्या. या आकड्यातच नवराबायको आणि मुलेही मोजतात, म्हणजे तिघांच्या कुटुंबाला तीन कार्डे लागतात. उलट एच-१बीला देशनिहाय मर्यादा नाही, आणि त्यातले बहुसंख्य भारतीय असतात. नळ मोठा आणि मोरी अरुंद. २००० च्या कायद्याने ग्रीन कार्डाच्या रांगेतल्यांना सहा वर्षांनंतरही एच-१बी वाढवून घेण्याची सोय दिली. त्यामुळे रांग सुटली नाही, ताटकळणे तेवढे कायदेशीर झाले. २०२४ च्या शरद ऋतूत भारतीयांसाठी ईबी-२ ची तारीख जुलै २०१२ वर होती. म्हणजे १२ वर्षांपूर्वी अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता. कार्ड मिळाल्यावर नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षे धरली, तर त्या माणसाला अध्यक्षपदासाठी पहिले मत २०३२ मध्ये देता येईल. मुले २१ वर्षांची झाली की बहुधा आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात, हा या रांगेतला सर्वांत क्रूर भाग. ज्यांचे जीव यात गुंतले आहेत त्यांना मत नाही. त्यांच्यासाठी मत द्यायचे ते आधी आलेल्या काका-मावशीने.

३० सप्टेंबर १९९६ रोजी बिल क्लिंटन यांनी सही केलेला कायदा कडक होता. परवान्याविना १८० दिवसांहून अधिक राहून देश सोडला तर तीन वर्षे, आणि वर्षभर किंवा अधिक राहून सोडला तर दहा वर्षे परत येण्यास बंदी. ही बंदी लागते बाहेर पडल्यावर. चोरून सीमा ओलांडून आलेल्याने अमेरिकन नागरिकाशी लग्न केले, तरी ग्रीन कार्डासाठी त्याला बहुधा बाहेर जावे लागते, आणि गेला की बंदी. मग कोण जाईल? लोकांनी निघून जावे म्हणून केलेल्या कायद्याने लोकांना आतच अडकवून ठेवले.

१९९६ नंतर या विषयाची मुळापासून फेररचना करणारा कायदा झालेला नाही. २०१० मध्ये लहानपणी आणलेल्या मुलांसाठीचे ड्रीम विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झाले आणि सिनेटमध्ये ५५ मते मिळूनही पडले, कारण ६० हवी होती. २०१३ मध्ये उलटे घडले: सिनेटने सर्वंकष विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केले, प्रतिनिधिगृहाने ते मतदानालाच घेतले नाही. २०१९ मध्ये देशनिहाय मर्यादा काढणारे विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ असे संमत झाले. सिनेटमधल्या जोडविधेयकाच्या प्रमुख पुरस्कर्त्यांत माइक ली यांच्याबरोबर कमला हॅरिस होत्या. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने ते वेगळ्या रूपात मंजूर केले, दोन मसुद्यांचा मेळ बसला नाही, आणि सभागृहाची मुदत संपली.

काँग्रेस, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून बनलेली अमेरिकेची संसद, अडली की अध्यक्ष आदेश काढतात. ओबामांनी पहिल्या वर्षात विधेयक आणण्याचे वचन मोडले. २०१२ च्या आर्थिक वर्षात चार लाखांहून अधिक लोकांना देशाबाहेर काढले. त्याच वर्षी १५ जूनला लहानपणी आलेल्यांना 'डाका'चे तात्पुरते संरक्षणही दिले. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये डाका रद्द करायला घेतले, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ असे ते थांबवले. आदेशाने मिळालेले आदेशाने जाते, आणि मधल्या काळात माणसाचे आयुष्य टांगणीला लागते.

२०२४ ची निवड या इतिहासात बसवून पाहावी लागते. बायडन यांनी पदग्रहणाच्या दिवशी जाहीर केलेल्या व्यापक विधेयकावर कधी मतदान झाले नाही. २०२३ च्या आर्थिक वर्षात दक्षिण सीमेवर जवळपास २५ लाख वेळा लोक अडवले गेले. त्या सुमारास स्थलांतर न्यायालयांत ३० लाखांहून अधिक प्रकरणे होती आणि न्यायाधीश सुमारे ७००. फेब्रुवारी २०२४ मध्ये जेम्स लँकफर्ड, ख्रिस मर्फी आणि कर्स्टन सिनेमा या सिनेटरांनी तडजोडीचे विधेयक आणले. सीमेवर अडवलेल्यांची सात दिवसांची सरासरी रोज ५,००० वर गेली की सीमा बंद, एवढेच त्यातले गाजले. पाच वर्षांत अडीच लाख जादा ग्रीन कार्डे आणि एच-१बीधारकांच्या २१ वर्षांच्या होणाऱ्या मुलांना संरक्षण हेही त्यात होते, ते फारसे कुणाच्या कानावर गेले नाही. ट्रम्प यांनी विरोध केला आणि ४९ विरुद्ध ५० असे ते अडले. बायडन यांनी जूनमध्ये आदेशाने आश्रयाचे अर्ज आवळले. तेच आधी का केले नाही, हा प्रश्न त्यांच्या समर्थकांनाही पडला. त्याच महिन्यात ट्रम्प यांनी अमेरिकन महाविद्यालयांतल्या परदेशी पदवीधरांना पदवीबरोबर ग्रीन कार्ड द्यावे असे म्हटले, आणि त्यांच्या प्रचारयंत्रणेने काही तासांतच त्याला अटी जोडल्या.

दगडापेक्षा वीट मऊ म्हणायचे, तर वीट कोणती हे ठरवायला एकच कसोटी उपयोगी पडते: उमेदवार जे बोलतो आहे, ते अध्यक्षाच्या हातात आहे का? निर्वासितांची वार्षिक मर्यादा आहे. १९८० च्या कायद्यानुसार ती अध्यक्ष ठरवतात. ट्रम्प यांनी २०२१ साठी ती १५,००० ठेवली होती, बायडन यांनी पुढे १,२५,००० केली. हद्दपारीत कुणाला आधी पकडायचे, पॅरोल, म्हणजे व्हिसाविना तात्पुरता प्रवेश, कुणाला द्यायचा, १९५२ च्या कायद्यातल्या २१२(एफ) कलमाखाली कुणाचा प्रवेश रोखायचा, हेही त्यांच्याकडे. ग्रीन कार्डांची संख्या, ७ टक्क्यांची मर्यादा, तीन-दहा वर्षांची बंदी, डाकाला कायमचा आधार: हे सारे काँग्रेसकडे. म्हणून रांगेसाठी मत देणाऱ्याने मतपत्रिकेवर खाली असलेली प्रतिनिधिगृहाची आणि सिनेटची नावे आधी वाचावीत. प्रतिनिधिगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी असते, आणि मतदारसंघ लहान असल्याने तिथे एखाद्या समाजाचे वजन पडू शकते. बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून तिथेच निवडून गेले.

तिसऱ्या पक्षाची वाटही अनेकांनी चोखाळून पाहिली. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मते मिळाली आणि इलेक्टोरल मत एकही नाही. २००० मध्ये फ्लोरिडात अध्यक्षपदाचा निकाल ५३७ मतांनी लागला, तिथे राल्फ नेडर यांना ९७,००० हून अधिक मते होती. कॅलिफोर्नियात असे निषेधाचे मत देणे सोपे आहे. अटीतटीच्या पेनसिल्व्हेनियात किंवा जॉर्जियात त्याची किंमत वेगळी.

जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्व मर्यादित करणारा आदेश काढला. बेकायदा राहणाऱ्यांबरोबरच, आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील अशी मुलेही त्यात धरली होती, म्हणजे एच-१बीवरच्या जोडप्यांची. न्यायालयांनी तो लागू होण्याआधी रोखला. सप्टेंबरमध्ये २१२(एफ) याच कलमाचा आधार घेऊन नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरची अट आली. ७ टक्क्यांच्या मर्यादेला कुणी हात लावलेला नाही.