असिंटची नावं नकाशावर आली कशी (आणि कुठली आलीच नाहीत)

असिंट म्हणजे स्कॉटलंडच्या हायलँड्समधला एक पॅरिश, एका चर्चच्या हद्दीतला मुलूख समजा, सदरलँडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. डोंगर, दलदल आणि जिकडे बघावं तिकडे तळी. इथल्या जागांची नावं गोळा करायची म्हटलं की लोक थेट सर्व्हेचा नकाशा उघडतात, पण तो नकाशा कुणी कुणासाठी केला हे आधी बघायला हवं, कारण नोंद करणाऱ्याला ज्याच्याशी मतलब तेवढंच कागदावर येतं.

सुरुवातीचं टिमथी पाँट या नकाशाकाराचं, 1580-90 च्या दशकातलं काम सोडलं तर पुढचा मोठा सर्व्हे लष्कराचा. 1746 ला कलोडनच्या लढाईत हायलँड्समधलं बंड चिरडल्यावर 1747 पासून विल्यम रॉय आणि त्याच्या सोबत्यांनी हायलँड्स मोजले, सैन्य कुठून न्यायचं हा हिशोब, त्यात मोजणाऱ्यांना तिथली गेलिक भाषा येत नाही, मग कानाला ऐकू आलं तसं स्पेलिंग ठोकून दिलं.

मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो 1774 चा जॉन होमचा सर्व्हे. सदरलँड इस्टेटीला, म्हणजे तिथल्या बड्या जमीनदाराला, खंड किती बसेल ते हवं होतं, म्हणून या माणसाने एकेक शेतवाडी धरून लागवडीची जमीन, गवत, आणि उन्हाळ्यात गुरं घेऊन वर जाऊन राहायच्या जागासुद्धा लिहून काढल्या. हेतू वसुलीचाच, पण त्यामुळेच ही बारीक नावं टिकली, आपल्याकडे गट नंबर यायच्या आधी प्रत्येक वावराला नाव असायचं ना, तसलीच.

आणि मग 1812 पासूनच्या दहाएक वर्षांत मेंढ्यांसाठी आतल्या वाड्या उठवल्या, माणसं किनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर नेऊन बसवली. नाव घेणारेच तिथून गेले.

ऑर्डनन्स सर्व्हेवाले, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे लोक, सदरलँडमध्ये नावं लिहायला आले ते 1871 ते 75 दरम्यान, मैलाला 6 इंच या स्केलच्या नकाशासाठी. त्यांच्या नेम बुकात, म्हणजे नावं टिपायच्या वहीत, रकाने असायचे: नाव, वेगवेगळी स्पेलिंग, ते कुणी सांगितलं, जागा कुठे, आणि थोडं वर्णन. खरी गोम 'कुणी सांगितलं' या रकान्यात आहे, कारण तिथे वजन असायचं जमीनदार, इस्टेटीचा कारभारी, पाद्री, शाळामास्तर यांच्या शब्दाला, रोज त्या ओढ्यावर जाणाऱ्या कुळाचा नंबर फार मागे. त्याच सुमारास 1872 चा शिक्षण कायदा आला, त्यात गेलिकचं नावही नाही. अर्थात वह्या वाईट नाहीत, उलट इंग्लंडच्या बऱ्याच नेम बुक्स 1940 ला साउथॅम्प्टनच्या बाँबहल्ल्यात जळाल्या आणि स्कॉटलंडच्या वाचल्या, आज त्या स्कॅन होऊन ऑनलाइन वाचता येतात. फक्त वाचताना नावाआधी सांगणाऱ्याचा रकाना बघावा.

1993 मध्ये असिंटच्या क्रॉफ्टर लोकांनी, म्हणजे छोट्या कूळ शेतकऱ्यांनी, पैसे जमवून नॉर्थ लॉकिन्व्हर इस्टेट विकतच घेतली, त्यामुळे आता तिथे नावं कुणाला विचारायची हा प्रश्न जरा सोपा झालाय.

मासेमारीच्या खुणा मात्र यातल्या कुठल्याच वहीत सापडायच्या नाहीत. होडीतून अमुक सुळका तमक्या घराच्या रेषेत आला की जाळं टाकायचं, अशा जागा सर्व्हेवाल्यांच्या कामातच नव्हत्या, त्यांचं काम किनाऱ्यापाशी संपायचं, म्हणून त्या मिळाल्या तर म्हाताऱ्या कोळ्यांकडूनच.